रथ कोणत्या दिवशी निघाला? : एका प्रकल्पाच्या संदर्भांचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नाशिकच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातलं आहे. मी तिथे ग्रंथपाल आहे. टी.वाय.बी.ए.ला इतिहास घेतलेल्या एका विद्यार्थिनीने 'काळाराम मंदिर सत्याग्रह' या विषयावर प्रकल्प लिहिला आणि तो मार्गदर्शक सरांनी परत केला. शेवटच्या पानावर लाल शाईत शेरा होता : 'संदर्भ नीट द्यावेत. ग्रंथालयात भेटावे.' पुढे काय काय झालं ते तिच्या संमतीने, नाव न देता, इथे मांडते आहे. परीक्षेच्या आधी असे शेरे घेऊन येणारी मुलं दरवर्षी असतात. त्यातल्या बहुतेकांना वाटतं की संदर्भ हे प्रकल्प लिहून झाल्यावर जोडायचं शेवटचं पान आहे. या मुलीच्या बाबतीत त्या पानाने तिचा प्रकल्पच बदलला, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

प्रकल्प हातात आला तेव्हा

मजकूर वाईट नव्हता. मुलगी पंचवटीत वाढलेली, त्यामुळे मंदिराचा परिसर, चारही दरवाजे, रामकुंडाकडे उतरणारे रस्ते यांचं वर्णन जिवंत होतं. अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी स्थानिक धुरा सांभाळली, दरवाजे बंद राहिले, आंदोलन वर्षानुवर्षं चाललं आणि अखेर १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची, हिंदू म्हणून मरणार नाही ही, घोषणा झाली, हा प्रवास तिने मन लावून लिहिला होता.

संदर्भांच्या पानावर मात्र चारच ओळी होत्या. गुगल. विकिपीडिया. ग्रंथालयातील पुस्तके. विविध संकेतस्थळे.

शेरा मिळाल्यावर तिने स्वतःच एक उपाय केला होता. एका एआय चॅटबॉटला विषय सांगून 'एपीए पद्धतीने संदर्भसूची दे' म्हटलं होतं. अकरा नोंदींची सुबक यादी छापून तिने सोबत आणली होती. लेखक, कंसात वर्ष, तिरप्या अक्षरात शीर्षक, प्रकाशक, सगळं जागच्या जागी. माझ्यासमोर कागद ठेवून ती म्हणाली, "मॅडम, फक्त स्वल्पविराम बरोबर आहेत का बघता का? उद्या सरांना द्यायचंय."

यादी बाजूला ठेवून मी तिला म्हटलं, "तुझ्या प्रकल्पातलं तुला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं वाक्य दाखव." तिने तेराव्या पानावरच्या वाक्यावर बोट ठेवलं : '९ एप्रिल १९३० रोजी, रामनवमीच्या दिवशी, रथ ओढण्याच्या प्रश्नावरून सत्याग्रही व सनातनी यांच्यात संघर्ष झाला.'

"हे कुठे मिळालं?"

"तीन वेबसाइटवर आहे. तिन्हीकडे सेम आहे, म्हणून घेतलं."

संगणकावर तिन्ही पानं शेजारी शेजारी उघडली. मजकूर इतका सारखा होता की एकीकडे राहिलेली शुद्धलेखनाची चूक बाकी दोन्हीकडेही तशीच होती. कोणी कोणाचं उतरवलं होतं ते कळायला मार्ग नव्हता, पण उतरवलं होतं हे स्पष्ट होतं. तीन साक्षीदार एकाच कागदावरून वाचून दाखवत असतील तर साक्ष एकच धरायची, आणि इथे त्या एका साक्षीनेही आपल्याला हे कुठून कळलं ते सांगितलं नव्हतं.

मी तिला ते वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं. वाचता वाचता ती 'रामनवमीच्या दिवशी' पाशी थांबली. "पण मॅडम, रथ रामनवमीला कुठे असतो? तो एकादशीला असतो."

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. चैत्र शुद्ध नवमीला काळाराम मंदिरात रामजन्म होतो आणि त्यानंतर दोन दिवसांनी, कामदा एकादशीला, रथोत्सव असतो. पुढे गरुडरथ, मागे रामरथ, दोर ओढणारे तालमीतले तरुण, दुतर्फा रांगोळ्या. पंचवटीतल्या पोराटोरांनाही हे ठाऊक असतं. या मुलीने लहानपणापासून तो रथ पाहिलेला आहे.

"मग रामनवमी का लिहिलंस?"

"सगळीकडे तसंच होतं ना. म्हटलं, तेव्हा वेगळं असेल."

तिचा तो विचार अगदीच टाकाऊ नव्हता. १९३० मध्ये प्रथा वेगळी असू शकते, ही शंका इतिहासाच्या विद्यार्थ्याला यायलाच हवी. अडचण अशी की शंका आली आणि तिथेच संपली; तिचं उत्तर शोधता येतं हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही ठरवलं की प्रकल्पातलं हे एक वाक्य धरायचं आणि त्याचा माग शेवटपर्यंत काढायचा. बाकी सगळं त्या ओघात शिकून होईल.

एक विषय, चार रॅक

ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत तिने आधी 'काळाराम' टाकून पाहिलं होतं. दोन पुस्तकं आली, दोन्ही नाशिकच्या देवस्थानांवरची. 'लायब्ररीत काही नाही' असा तिचा निष्कर्ष झाला होता. ही तक्रार मी फार ऐकते, आणि दर वेळी कारण जवळपास एकच असतं. तालिका पुस्तकाच्या आतलं वाचत नाही. तिला शीर्षक, लेखक आणि आम्ही दिलेले विषय एवढंच माहीत असतं. ज्या पुस्तकात काळाराम सत्याग्रहावर अख्खं प्रकरण आहे त्याच्या शीर्षकात 'काळाराम' असेलच असं नाही.

मग शब्द बदलत गेलो. 'आंबेडकर', 'सत्याग्रह', 'मंदिर प्रवेश', 'अस्पृश्यता', 'दलित चळवळ'. नाशिकचं स्पेलिंगही दोन्ही तऱ्हांनी टाकून पाहिलं, कारण जुन्या सरकारी इंग्रजी प्रकाशनांत 'नासिक'ला जुळणारं स्पेलिंग असतं आणि नव्या स्पेलिंगने शोधलं तर ती पुस्तकं यादीत येतच नाहीत. यादी लांबल्यावर तिच्या ध्यानात आलं की वर्गांक, म्हणजे पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारे विषयाचे आकडे, एका जागचे नाहीत. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ मध्ये, जात आणि सामाजिक स्तरांवरची पुस्तकं ३०५.५ च्या आसपास, हिंदू धर्म व देवस्थानं २९४.५ मध्ये, चरित्रं ९२० च्या पुढे. ग्रंथालयांत वापरतात ते हे वर्गीकरण ड्युईने १८७६ मध्ये मांडलं ते ज्ञानशाखांनुसार. आपला प्रश्न मात्र एका ज्ञानशाखेत मावत नाही, म्हणून पायपीट करावीच लागते.

त्या पायपिटीत तिला एक गोष्ट मिळाली जी संगणकावर मिळाली नसती : शेजारचं पुस्तक. वर्गांक धरून रॅकपाशी गेलं की हव्या असलेल्या पुस्तकाच्या दोन्ही बाजूंना त्याच विषयाची पुस्तकं उभी असतात. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९८२ मध्ये काढलेला, डॉ. आंबेडकर आणि अस्पृश्यांच्या चळवळीच्या साधनांचा पहिला खंड तिला असाच सापडला. त्यात मुंबई सरकारच्या गुप्त अहवालांतले सारांश आणि तत्कालीन वर्तमानपत्रांतले उतारे आहेत. त्याच्याच वरच्या कप्प्यात शासनाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा सतरावा खंड होता. त्याच्या पहिल्या भागात मानवी हक्कांच्या लढ्यातल्या घटना कालक्रमाने मांडलेल्या आहेत.

एवढे जाड खंड बघून तिचा चेहरा उतरला. "हे सगळं वाचायचं?"

नाही वाचायचं. पुस्तक मागून उघडायचं. शेवटच्या पानांतली शब्दसूची बघायची, त्यात नाशिक, काळाराम, गायकवाड या नावांपुढचे पृष्ठांक टिपायचे आणि तेवढीच पानं काढायची. जिथे सूची नाही तिथे अनुक्रमणिका आणि तारखा. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या मराठी पुस्तकांना शब्दसूची नसते याची मला कायम हळहळ वाटते. प्रकाशकांनी आठ पानं वाचवली की पुढच्या हजारो वाचकांचे तास जातात. असो.

तारीख आणि तिथी

धनंजय कीर यांचं इंग्रजी आंबेडकर चरित्र प्रथम १९५४ मध्ये आलं. त्यात ९ एप्रिल ही तारीख रामाच्या रथाच्या मिरवणुकीला जोडून येते. म्हणजे तारीख आणि रथ यांची जोडी जुनी आहे. आता प्रश्न उरला तिथीचा. ९ एप्रिल १९३० ला नवमी होती की एकादशी?

उत्तर कुठे शोधायचं असं विचारल्यावर ती आधी म्हणाली, गुगलवर. मी म्हटलं, शोध की, पण कोण सांगतंय ते बघून. आणि खरोखरच इथे इंटरनेटनेच मदत केली, फक्त वेगळ्या दाराने. ग्रहणं अमावास्या-पौर्णिमेलाच होतात, आणि मागच्या-पुढच्या हजारो वर्षांतल्या ग्रहणांच्या याद्या अमेरिकेच्या नासा या संस्थेने गणितासह उघड ठेवलेल्या आहेत. त्या यादीत १३ एप्रिल १९३० ला खंडग्रास चंद्रग्रहण आहे आणि २८ एप्रिलला सूर्यग्रहण. भारतात तेव्हा दिवस असल्यामुळे ते चंद्रग्रहण इथून दिसलं नसणार, पण आपल्याला दृश्याशी कर्तव्य नाही, तारखेशी आहे. १३ एप्रिलला पौर्णिमा, म्हणजे ती चैत्र पौर्णिमा. पौर्णिमेपासून चार दिवस मागे गेलं की एकादशी : ९ एप्रिल. सहा दिवस मागे गेलं की नवमी : ७ एप्रिल.

तिने बोटांवर मोजलं, मग वहीत मांडून पुन्हा मोजलं. मग तिने स्वतःच हरकत घेतली की तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, एखादा दिवस इकडे तिकडे होऊ शकतो. ही हरकत ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. कारण काही दिवसांपूर्वी हीच मुलगी 'तिन्हीकडे सेम आहे' म्हणत होती. एका दिवसाचा फरक धरला तरी ९ तारखेला नवमी येऊ शकत नव्हती, एवढं त्या हिशेबाने नक्की झालं. पण ९ ला एकादशीच होती हे छापील पुराव्याने सांगायचं तर त्या वर्षाचं पंचांग हवं. १९३० मधून ७८ वजा केले की शके १८५२. पंचवटीत जुन्या गुरुजींच्या घरांत अशी पंचांगं जपलेली असतात. तिच्या आजीच्या ओळखीने एका घरी शके १८५२ चं पंचांग मिळालं. सोमवार ७ एप्रिल, नवमी. बुधवार ९ एप्रिल, एकादशी.

तर संघर्ष झाला तो रथोत्सवाच्या दिवशी, आणि रथोत्सव तेव्हाही एकादशीलाच होता. घोळ कसा झाला असावा याचा अंदाज बांधता येतो. रथोत्सव रामनवमीच्या उत्सवाचाच भाग आहे. नाशिकबाहेरच्या कोणी तरी 'रामनवमीच्या उत्सवात' याचं 'रामनवमीच्या दिवशी' करून टाकलं असावं आणि पुढच्यांनी ते जसंच्या तसं उचललं असावं. हा अंदाज आहे आणि तिने प्रकल्पात तो अंदाज म्हणूनच लिहिला.

कोणी म्हणेल, दोन दिवसांच्या फरकाने काय बिघडतं? मला वाटतं, बरंच बिघडतं. रामजन्माचा सोहळा मंदिराच्या आत होतो. रथ रस्त्यावरून जातो आणि तो माणसं ओढतात. मंदिरप्रवेश नाकारला गेला त्याच्या जोडीला रथाच्या दोराला हात लावण्याचा हक्क कोणाचा, हा वेगळा प्रश्न त्या दिवशी उभा राहिला होता. दिवस नेमका कळला की तो प्रश्नही नेमका दिसतो. तिच्या प्रकल्पातलं तेराव्या पानावरचं ते एक वाक्य पुढे साडेतीन पानांचं प्रकरण झालं.

जी बातमी छापली जाणं शक्यच नव्हतं

आता त्या अकरा नोंदींच्या यादीकडे वळते. स्वल्पविराम निर्दोष होते.

यादीतली एक नोंद अशी होती : 'जनता', १२ एप्रिल १९३०, पृष्ठ ३. दुसरी 'बहिष्कृत भारत'च्या त्याच महिन्यातल्या अंकाची. दोन्ही नावं खरी, दोन्ही बाबासाहेबांची वृत्तपत्रं. विद्यार्थिनीला त्यात वावगं काही दिसलं नाही आणि दिसायचं कारणही नव्हतं. मी तिला मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासावरचा ग्रंथ काढून दिला आणि म्हटलं, दोन्ही पत्रं कधी सुरू झाली, कधी बंद पडली ते बघ.

'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालं आणि १५ नोव्हेंबर १९२९ च्या अंकानंतर बंद पडलं. 'जनता'चा पहिला अंक २४ नोव्हेंबर १९३० चा. एप्रिल १९३० मध्ये यातलं एकही पत्र निघत नव्हतं. त्या अंकांचं तिसरं पान कोणी कधी पाहिलेलं नाही, कारण ते अंकच नाहीत.

ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होती. "पण त्याने पान नंबरसुद्धा दिलाय," ती म्हणाली. हेच समजून घ्यायचं असतं. असा चॅटबॉट पुस्तकं उघडून बघून यादी देतोच असं नाही. संदर्भाची नोंद दिसते कशी हे तो शिकलेला असतो आणि तशी दिसणारी नोंद तयार करतो. नोंद जितकी नीटनेटकी, तितका आपला संशय कमी होतो. तिने उरलेल्या नऊ नोंदी एकेक करून तपासल्या : आधी आमची तालिका, मग राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मग प्रकाशकांच्या सूची. चार पुस्तकं खरी होती. तीन पुस्तकांचे लेखक खरे, पण वर्ष किंवा प्रकाशक भलताच. दोन पुस्तकं कुठेच सापडली नाहीत.

मी एआय वापरू नका असं मुलांना सांगत नाही. कोणते शब्द घालून शोधावं हे सुचवायला, अवघड इंग्रजी उताऱ्याचा अर्थ लावायला त्याची मदत होते. पण जे पुस्तक आपण हातात घेतलेलं नाही किंवा पडद्यावर उघडलेलं नाही ते आपल्या सूचीत जाता कामा नये. या एका बाबतीत मी कोणाचीही गय करत नाही. खोटा संदर्भ न दिलेल्या संदर्भापेक्षा वाईट, कारण तो पुढच्या वाचकाला नसलेल्या वाटेवर पाठवतो. काही वर्षांनी हिचाच प्रकल्प वाचून कोणी 'जनता'चा तो अंक शोधत फिरलं असतं.

यातून आणखी एक गोष्ट सरळ झाली. साधनांच्या १९८२ च्या खंडात जुन्या इंग्रजी दैनिकांचे उतारे आहेत, तेव्हा संदर्भात थेट त्या दैनिकाचं नाव आणि तारीख टाकायचा तिचा विचार होता. दिसायला ते भारदस्त दिसतं. पण तिने दैनिक पाहिलेलं नव्हतं, खंड पाहिला होता. खंडाच्या संपादकांनी काय घेतलं, काय गाळलं ते तिला माहीत नव्हतं. मूळ दैनिकाचं नाव आणि तारीख द्यायची आणि पुढे अमुक खंडात, अमुक पानावर उद्धृत असं लिहायचं, हा प्रामाणिक मार्ग तिला लगेच पटला. मराठीतल्या बऱ्याच प्रकल्पांत 'उद्धृत' हा शब्दच गायब असतो आणि बी.ए.च्या विद्यार्थ्याने १९३० ची दैनिकं मुळातून चाळल्याचा देखावा उभा राहतो.

फोटोतली पानं

टिपणांची तिची पद्धत आजच्या सगळ्या मुलांसारखी होती : मोबाइलने फोटो. गॅलरीत पुस्तकांच्या पानांचे ढीगभर फोटो होते आणि त्यातल्या निम्म्या फोटोंबद्दल पान कोणत्या पुस्तकाचं ते तिला सांगता येईना. फोटो काढायला माझी ना नाही. फक्त क्रम बदलायला सांगितला. कोणत्याही पुस्तकाचा पहिला फोटो शीर्षकपृष्ठाचा, दुसरा त्याच्या मागच्या बाजूचा, आणि मग हवी ती पानं, पृष्ठांक दिसेल अशी. रंगीत मुखपृष्ठावर संदर्भापुरतं फारसं काही नसतं. खरी माहिती शीर्षकपृष्ठाच्या पाठीमागे असते : प्रकाशक, गाव, पहिली आवृत्ती कधी, ही आवृत्ती कितवी, पुनर्मुद्रण आहे का.

आवृत्तीचं महत्त्व तिला अनुभवाने कळलं. आमच्याकडची कीरांच्या चरित्राची प्रत दुसऱ्या कोणी तरी नेली होती, म्हणून ती सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, गेली. ते १८४० पासून नाशिककरांचं आहे, आणि कॉलेजचं ग्रंथालय असलं तरी सावानाचं सभासदत्व घ्या असं मी मुलांना आवर्जून सांगते. तिथली प्रत वेगळ्या आवृत्तीची निघाली. आमच्या प्रतीवरून तिने टिपलेला पृष्ठांक त्या प्रतीत जुळेना, मजकूर काही पानं पुढे सरकला होता. पुस्तक तेच, पण आवृत्ती सांगितली नाही तर पृष्ठांक निरुपयोगी. त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर आवृत्ती आणि वर्ष आलं.

गॅझेटियरच्या बाबतीत थोडी वेगळी अडचण आली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकवरचा सोळावा खंड १८८३ चा. मंदिराच्या जुन्या वर्णनासाठी तिला तो हवा होता. आमच्याकडचा खंड संदर्भ विभागातला, घरी न्यायला मिळत नाही. म्हणून तिने राज्य शासनाच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागाच्या संकेतस्थळावरचा मजकूर वापरला. तिथे मूळ छापील पृष्ठांक दिसले नाहीत. मग प्रकरणाचं आणि उपविभागाचं नाव, संकेतस्थळाचा पत्ता आणि पाहिल्याची तारीख असं लिहायचं ठरलं. वर्षाच्या जागी १८८३ ठेवायचंच, नाहीतर दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतलं वर्णन आजचं म्हणून वाचलं जातं.

तिच्या शेजारी राहणाऱ्या एका आजोबांचे वडील सत्याग्रहात होते. त्यांच्याशी ती बोलली होती आणि त्यांची आठवण प्रकल्पात 'असे म्हणतात की' या शब्दांनी आली होती. मी तिला परत पाठवलं : त्यांची परवानगी घे, मुलाखतीची तारीख आणि ठिकाण लिही, आणि हे ऐकीव आहे, त्यांनी स्वतः पाहिलेलं नाही, तेही लिही. 'असे म्हणतात' मध्ये म्हणणारा माणूसच पुसला जातो. ज्या माणसांना शंभर वर्षांपूर्वी दारातून आत येऊ दिलं नाही, त्यांच्या आठवणींना तरी आपण नाव द्यायला हवं.

संदर्भ लिहायची पद्धत एपीए की एमएलए, हा प्रश्न पंधरा मिनिटांत संपला. विभागाने एपीए सांगितलं होतं, ते घेतलं. मराठी नावं आडनाव आधी, अकारविल्हे. संपादित शासकीय खंडाला संस्था आणि संपादक दोन्ही. प्रकल्पभर एकच पद्धत. एवढ्याने काम होतं.

उसनवारीची टक्केवारी

हे सगळं चालू असताना तिच्या मैत्रिणींनी तिला एक भीती घातली होती : दहा टक्क्यांपेक्षा जास्त 'कॉपी' निघाली तर प्रकल्प रद्द होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाविना सोडलेलं आहे, पुढे दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर अशा पायऱ्या आहेत. पण ते विनियम पदव्युत्तर आणि संशोधनाच्या लेखनासाठी आहेत. वर्गातले निबंध, प्रकल्प अहवाल त्यातून वगळलेले आहेत. अवतरणचिन्हांत, उल्लेखासह घेतलेला मजकूरही साम्यात धरत नाहीत.

हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला, पण मी तिला तिथेच सोडलं नाही. तिच्या पहिल्या मसुद्यात त्या तीन संकेतस्थळांवरचे परिच्छेद थोडे शब्द बदलून आले होते. 'सुरुवात झाली'चं 'प्रारंभ झाला', 'मोठा'चं 'प्रचंड'. शब्द बदलल्याने मजकूर आपला होत नाही. दोन-तीन साधनं वाचायची, पुस्तकं मिटायची, मग आपल्याला काय समजलं ते लिहायचं आणि समज जिथून आली तिथला उल्लेख करायचा. तिने रथाच्या दिवसावरची साडेतीन पानं अशी लिहिली. त्यातली भाषा आधीच्या मसुद्यापेक्षा साधी आहे आणि पहिल्यांदाच तिची स्वतःची वाटते.

सादर झालेला प्रकल्प

संदर्भसूचीत शेवटी चौदा नोंदी राहिल्या. त्यातली प्रत्येक तिने पाहिलेली. तिथीबद्दलची तिची तळटीप अशी : 'अनेक संकेतस्थळांवर हा दिवस रामनवमीचा म्हटला आहे. शके १८५२ च्या पंचांगानुसार ९ एप्रिल १९३० रोजी चैत्र शुद्ध एकादशी होती. १३ एप्रिलच्या चंद्रग्रहणावरून काढलेली चैत्र पौर्णिमा याच्याशी जुळते.' तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला या तळटिपेवरच सगळ्यात जास्त विचारलं. पंचांग कोणाकडे पाहिलं, त्याचा फोटो आहे का, ग्रहणाचा मुद्दा कोणी सुचवला. तिने फोटो दाखवला आणि ग्रहणाचा मुद्दा ग्रंथालयात मिळाला असं सांगितलं. तो उल्लेख तिने ऋणनिर्देशातही केला होता.

एक प्रश्न तिला सोडवता आला नाही. २ मार्चच्या मिरवणुकीत किती लोक होते याचे आकडे वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे सापडले. पहिल्या मसुद्यात तिने सगळ्यात मोठा आकडा घेतला होता. अंतिम प्रकल्पात तिने कोणता आकडा कोण देतं आणि त्याने तो कुठून घेतला हे सांगितलं, आणि जिथे मूळ सांगितलेलं नाही तिथे तसं नोंदवलं. याचा निकाल लावायचा तर त्या वेळची दैनिकं आणि पोलिसांचे अहवाल मुळातून पाहायला हवेत. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे प्रवेशासाठी कॉलेजचं पत्र लागेल, म्हणून ती सुट्टी लागायच्या आधी येऊन पत्राचा मसुदा करून घेऊन गेली. एम.ए.ला हाच विषय पुढे न्यायचं तिच्या मनात आहे.

यंदापासून प्रथम वर्षाच्या मुलांना ग्रंथालयाची ओळख करून देताना मी रॅक दाखवत फिरवण्याऐवजी त्यांना एकेक वाक्य देते आणि ते कुठून आलं ते शोधून आणायला सांगते. पहिल्या तुकडीतल्या एका मुलाच्या वाट्याला गंगापूर धरणाच्या बांधकामाच्या वर्षाचं वाक्य आलं आहे. त्याला दोन ठिकाणी दोन वर्षं सापडली आहेत आणि तो अजून शोधतो आहे.